शांत ॲम्बियंट ट्रॅक डीजे सेटमध्ये सुरात मिसळण्याची पद्धत

ठेका नसलेला, कमी आवाजाचा ॲम्बियंट ट्रॅक सेटमध्ये आणताना बहुतेक डीजे पडद्यावरचा स्केलचा क्रमांक पाहतात, तो जुळला की सिंक (दोन ट्रॅकचा वेग आपोआप जुळवणारे बटण) दाबतात आणि फेडर (आवाजाची सरकपट्टी) हळूहळू वर नेतात. एवढे करूनही मिश्रण कधी किंचित बेसूर लागते, कधी पॅड (लांब धरलेला मऊ स्वरसमूह) ऐकूच येत नाही, तर कधी खर्जात गढूळपणा साचतो. दोष बहुधा ट्रॅकच्या निवडीत नसून कामांच्या क्रमात असतो. ठेक्याच्या ट्रॅकमध्ये आधी वेग जुळवायचा आणि मग स्वर पाहायचा, ही आपली सवय येथे उलटी करावी लागते. ॲम्बियंट ट्रॅकला ठेका नसल्यामुळे त्याचा पिच फेडर (ट्रॅकचा वेग, आणि त्यासोबत सूर, बदलणारी पट्टी) वेगाच्या कामातून मोकळा झालेला असतो; तो सूर लावण्यासाठी वापरायचा. पुढची जवळजवळ सर्व कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. चालू असलेला हाऊस ट्रॅक ए मायनरमध्ये आहे, मूळ १२४ बीपीएमचा (मिनिटाला १२४ ठोक्यांचा) आहे आणि आपण तो १२० वर वाजवत आहोत. त्यात जो ॲम्बियंट ट्रॅक मिसळायचा आहे तो ई या स्वरावरचा लांबलचक ड्रोन (सतत चालू राहणारा नाद) आहे, आणि तो प्रमाण सुरापेक्षा ३० सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला आहे. दोन डेक, प्रत्येक चॅनलला तीन पट्ट्यांचा ईक्यू (लो, मिड, हाय म्हणजे खालचे, मधले व वरचे ध्वनी वेगवेगळे कमी-जास्त करणारी बटणे) असलेला मिक्सर आणि हेडफोन एवढी सामग्री गृहीत धरली आहे. पहिल्या चार पायऱ्या घरी करायच्या आहेत. कार्यक्रमाच्या ठिकाणी त्या करायला वेळही नसतो आणि शांतताही नसते.

## पायरी १ : षड्ज कानाने शोधा

रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर किंवा मिक्स्ड इन की यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर स्केल ओळखून देते, आणि ठेका व बेसलाइन स्पष्ट असलेल्या ट्रॅकच्या बाबतीत ते बरेचदा बरोबर असते. ड्रोनच्या बाबतीत मात्र त्याच्या हाती फार थोडे स्वर लागतात. पंचमाला षड्ज समजणे आणि मायनरऐवजी त्याच स्वरांचा मेजर स्केल सांगणे, या त्याच्या दोन नेहमीच्या चुका आहेत. म्हणून पडद्यावरचे उत्तर हा केवळ एक अंदाज समजावा.

ट्रॅक हेडफोनवर कमी आवाजात लावा आणि ज्या स्वरावर कान स्थिरावतो तो स्वर गुणगुणा. तो तसाच धरून हार्मोनियमवर किंवा फोनमधल्या कीबोर्डवर शोधा. आपल्याकडच्या पट्ट्यांच्या भाषेत पांढरी एक म्हणजे सी, पांढरी तीन म्हणजे ई, पांढरी सहा म्हणजे ए आणि काळी पाच म्हणजे ए शार्प. हे डोक्यात पक्के असेल तर सॉफ्टवेअरचे उत्तर क्षणात पडताळता येते.

षड्ज सापडल्यावर गंधार तपासा. ट्रॅक चालू ठेवून त्यावर आधी कोमल आणि मग शुद्ध गंधार वाजवा. कोमल बसला तर स्केल मायनर, शुद्ध बसला तर मेजर. दोन्ही तितकेच बरे वाटले तर त्या ड्रोनमध्ये गंधारच नाही, फक्त षड्ज-पंचम आहेत, आणि ही फार सोयीची गोष्ट आहे : असा ट्रॅक मायनरसोबतही चालतो आणि मेजरसोबतही.

तपासणी : हे काम ट्रॅकच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशा तीन ठिकाणी करा. अनेक ॲम्बियंट ट्रॅक मध्येच हलकेच दुसऱ्या स्वरावर सरकतात, आणि आपण नेमके तिथेच मिश्रण करत असतो.

## पायरी २ : सूर किती चढला-उतरला आहे ते मोजा आणि पिच फेडरने तो लावा

सर्वांत जास्त चुका या पायरीवर होतात, कारण ही पायरी बहुतेक जण करतच नाहीत. नाचाचे बहुतेक ट्रॅक संगणकावर तयार होतात आणि त्यांचा ए ४४० हर्ट्झवर असतो. ॲम्बियंटमध्ये तसा नेम नसतो. जुना पियानो, टेप, मुद्दाम ४३२ हर्ट्झवर लावलेला सिंथेसायझर अशा कशावरही ते ध्वनिमुद्रण झालेले असू शकते. पडद्यावर दोन्हींचे स्केल जुळलेले दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाएवढे अंतर असते. ४४० आणि ४३२ यांच्यातला फरक सुमारे ३२ सेंटांचा आहे आणि अर्धा स्वर १०० सेंटांचा असतो.

मोजण्यासाठी तानपुऱ्याचे असे ॲप घ्या ज्यात सेंटमध्ये बारीक सूर लावता येतो. ते पायरी १ मध्ये सापडलेल्या पट्टीवर लावा आणि ट्रॅकसोबत वाजवा. सूर जुळलेले नसतील तर आवाज डोलल्यासारखा, लाटेसारखा ऐकू येतो. ॲपमधला सूर थोडा वर-खाली करत गेलात की ही लाट मंदावत जाते आणि एका जागी थांबते. तिथे ॲप जो आकडा दाखवते तो, म्हणजे आपल्या उदाहरणात उणे ३०, ट्रॅकच्या टिप्पणीच्या रकान्यात लिहून ठेवा.

आता हिशेब. की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद असताना वेग १ टक्क्याने बदलला की सूर सुमारे १७ सेंट सरकतो, आणि ६ टक्क्यांना जवळजवळ पूर्ण अर्धा स्वर. म्हणून ३० सेंट उतरलेला ट्रॅक प्रमाण सुरात आणण्यासाठी पिच फेडर अधिक १.८ टक्क्यांवर ठेवायचा. ड्रोन पावणेदोन टक्के जलद वाजतो आहे हे कोणत्याही श्रोत्याच्या लक्षात येत नाही. ३० सेंटांचा बेसूरपणा मात्र संगीत न शिकलेल्या माणसालाही खटकतो, त्याला त्याचे कारण सांगता येत नाही इतकेच.

हा हिशेब चालू ट्रॅकवरही अवलंबून असतो. हाऊस ट्रॅकवर की-लॉक चालू असेल तर १२४ वरून १२० वर आणूनही तो ए मायनरमध्येच राहतो आणि वरचा १.८ हा आकडा बरोबर ठरतो. की-लॉक बंद असेल तर तो सुमारे ५७ सेंट उतरतो, म्हणजे ए आणि जी शार्प यांच्या मधोमध येऊन पडतो आणि त्याचा पडद्यावरचा क्रमांक निरर्थक होतो. अशा वेळी ॲम्बियंट ट्रॅकही तेवढाच खाली न्यायला हवा. तो मुळात ३० सेंट खाली आहेच. उरलेल्या २७ सेंटांसाठी फेडर उणे १.६ टक्क्यांवर ठेवावा लागतो.

सावधान : ॲम्बियंट ट्रॅकच्या डेकवर की-लॉक बंदच असू द्या. की-लॉक ध्वनीचे बारीक तुकडे करून ते पुन्हा जोडते. ठेक्याच्या आवाजात हे लपते, पण लांब धरलेल्या पॅडमध्ये थरथर आणि खरखर होऊन वर येते. की-शिफ्टचे बटणही येथे कामाचे नाही, कारण बहुतेक ठिकाणी ते अर्ध्या स्वराच्या टप्प्यांनीच सरकते.

तीन टक्क्यांपर्यंतचा बदल निर्धास्तपणे करावा. त्यापुढे जायचे असेल तर ट्रॅकमध्ये मानवी आवाज किंवा पियानो नाही याची खात्री करावी, कारण त्यांचा पोत बदललेला चटकन ओळखू येतो.

## पायरी ३ : वेगळा पडणारा स्वर ओळखा

कॅमेलॉट चक्रात, म्हणजे डीजे स्केलला ज्या क्रमांकांनी ओळखतात त्या पद्धतीत, ए मायनर म्हणजे ८ए. त्याच्यासोबत चालणारे स्केल म्हणजे ८ए स्वतः, ८बी म्हणजे सी मेजर, आणि दोन शेजारी : ९ए म्हणजे ई मायनर व ७ए म्हणजे डी मायनर. शेजारचे क्रमांक परस्परांशी षड्ज-पंचम भावात असतात, म्हणून ते जुळतात. हा नियम सर्वांना पाठ असतो. मात्र तो अर्धवट आहे, कारण शेजारच्या दोन स्केलमध्ये एक स्वर नेहमी वेगळा असतो, आणि नाचाच्या दोन ट्रॅकमध्ये काही सेकंदांत निघून जाणारा हा फरक ॲम्बियंटमध्ये दोन-दोन मिनिटे कानावर पडत राहतो.

ए हा षड्ज धरून पाहू. हाऊस ट्रॅकच्या ए मायनरमध्ये धैवत कोमल आहे. ई मायनरच्या पॅडमध्ये तो शुद्ध आहे. शुद्ध धैवत षड्जाला गोड लागतो. डी मायनरच्या पॅडमध्ये मात्र कोमल ऋषभ येतो आणि तो बेसलाइनच्या षड्जाला अर्ध्या स्वरावरून घासत राहतो. चक्रावर दोन्ही शेजारी सारखेच दिसत असले, तरी ठेक्याचा ट्रॅक वरचढ असताना एक क्रमांक पुढचा ॲम्बियंट घ्यावा आणि एक क्रमांक मागचा टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मागचाच घ्यायचा असेल तर तो कोमल ऋषभ पॅडमध्ये कुठे येतो ते शोधून त्या जागा मिश्रणातून वगळा.

आपल्या ई ड्रोनमध्ये गंधार नसेल तर हा प्रश्नच उरत नाही. ई हा ए चा पंचमच आहे, आणि सरावाची सुरुवात अशाच ट्रॅकने करावी.

## पायरी ४ : आवाजाची पातळी फाइलमध्येच ठरवा

नाचाचे ट्रॅक उणे ८ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या सरासरी आवाजाचे माप) आसपास असणे नेहमीचे आहे, तर शांत ॲम्बियंट उणे २० किंवा त्याहूनही खाली असतो. हा बारा डेसिबलचा फरक कार्यक्रमात गेनच्या (चॅनलमध्ये येणारा आवाज वाढवणाऱ्या) बटणाने भरून काढायला गेलात तर पुढे एखादा स्वर फुलताना चॅनल लाल होतो, आणि पुढचा ट्रॅक त्याच चॅनलवर आला की वाढवून ठेवलेल्या गेनमुळे अंगावर येतो.

ऑडॅसिटीसारख्या संपादकात ट्रॅकची प्रत उघडा, सर्वांत मोठा क्षण उणे १ डेसिबलवर येईल इतकाच आवाज वाढवा आणि ती वेव्ह किंवा एआयएफएफ म्हणून जतन करा. एमपीथ्री पुन्हा एमपीथ्री म्हणून जतन केल्यास पॅडचा पोत आणखी झिजतो. एवढ्याने सहसा पुरते. तरीही ट्रॅक फार हळू राहत असेल तर लिमिटरने (मोठे क्षण दाबून बाकीचा आवाज वाढवू देणारे साधन) तीन-चार डेसिबल मिळवता येतात, त्याहून जास्त मात्र नाही. ॲम्बियंटचे श्वास म्हणजे त्यातले चढ-उतार. ते दाबून टाकायचे असतील तर तो ट्रॅक मुळात घेऊच नये. आवाज वाढवताना ध्वनिमुद्रणातली सळसळही तितकीच वाढते, हेही ऐकून घ्या.

उरलेला चार-सहा डेसिबलचा फरक तसाच ठेवावा. तो पायरी ६ मध्ये दुसऱ्या बाजूने, म्हणजे चालू ट्रॅक खाली आणून मिटवायचा आहे.

तपासणी : प्रत एकदा मोनोमध्ये ऐका. अनेक ठिकाणची ध्वनियंत्रणा मोनो असते, आणि फार रुंद पसरलेले स्टिरिओ पॅड तिथे अर्धेअधिक नाहीसे होतात. घरी मोनोमध्ये पोकळ वाटलेला ट्रॅक तिथे गेनने वाचत नाही.

## पायरी ५ : सिंक काढा, क्यू लावा

सॉफ्टवेअर ॲम्बियंट ट्रॅकलाही कोणता तरी बीपीएम चिकटवते. तो काल्पनिक असतो. या डेकवर सिंक आणि क्वांटाइझ (क्यू व लूप आपोआप ठोक्याला चिकटवणारी सोय) दोन्ही बंद करा. सिंक चालू राहिले तर पायरी २ मध्ये लावलेला सूर एका क्षणात हातचा जाईल.

सावधान : चालू ट्रॅक संपल्यावर काही यंत्रणांमध्ये टेम्पो मास्टरचा (ज्याच्या वेगाला बाकीचे डेक जुळतात त्या डेकचा) मान आपोआप ॲम्बियंट डेककडे जातो, आणि त्यानंतर सिंक करून आणलेला ट्रॅक त्या काल्पनिक बीपीएमवर सुरू होतो. परतीच्या ट्रॅकवरही सिंक बंद ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे.

क्यू, म्हणजे ट्रॅक जिथून सोडायचा ती खूण, ट्रॅकच्या आरंभाला लावू नका. ॲम्बियंट ट्रॅक बहुधा शांततेतून उगवतो आणि पहिली वीस-तीस सेकंदे जवळजवळ काहीच नसते. त्यावर आपण फेडरही हळूहळू चढवला की दोन मंद चढाव एकमेकांवर येतात, काहीच ऐकू येत नाही, घाईने गेन वाढवला जातो आणि मग पॅड एकदम उसळतो. पॅड पूर्ण उमललेला असतो तिथे पहिला क्यू लावा. दुसरा क्यू षड्ज सर्वांत स्वच्छ ऐकू येतो तिथे, आणि तिसरा ट्रॅक ओसरू लागण्याच्या सुमारे एक मिनिट आधी.

## पायरी ६ : प्रवेश

चालू ट्रॅकच्या ब्रेकडाउनच्या (ठेका थांबतो त्या भागाच्या) ६४ बार (एक बार म्हणजे चार ठोके) आधी काम सुरू करा. १२० बीपीएमला एक बार दोन सेकंदांचा, म्हणजे हातात दोन मिनिटे आठ सेकंद असतात.

१. पिच फेडर ठरवलेल्या आकड्यावर आहे का, की-लॉक बंद आहे का, हे पाहा. हेडफोनमध्ये दोन्ही ट्रॅक एकत्र ऐका. लाट ऐकू आली तर फेडर केसभर हलवून ती थांबवा. दोन्हींपैकी एकाही ट्रॅकचा स्वर ओळखू येत नसेल इतका गोंगाट असेल तर लिहून ठेवलेल्या आकड्यावर विश्वास ठेवा. गोंगाटात कानावर ठेवू नका.

२. ॲम्बियंट चॅनलचा लो ईक्यू पूर्ण खाली घ्या. ही पायरी कधीही गाळू नका. ड्रोनमध्ये साध्या स्पीकरवर न जाणवणारा खोल खर्ज असतो. ड्रोनचा सर्वांत खालचा ई ४१.२ हर्ट्झवर आहे आणि बेसलाइनने एफ वाजवला तर तो ४३.७ वर येतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे अडीच धक्के तयार होतात. किक, म्हणजे ठेक्याचा जड ठोका, सेकंदाला दोनदा पडत असते. ऐकणाऱ्याला ठेका चुकल्यासारखा वाटतो आणि डीजे मात्र वेगात दोष शोधत बसतो.

३. पहिल्या क्यूवरून ट्रॅक सोडा आणि पहिल्या ३२ बारमध्ये फेडर पूर्ण वर न्या. या टप्प्यावर पॅड वेगळा ऐकू येऊ नये, खोली थोडी मोठी झाल्यासारखी वाटावी.

४. पुढच्या ३२ बारमध्ये चालू ट्रॅक तीन-चार डेसिबलने, इतका सावकाश खाली आणा की कोणालाही ती हालचाल जाणवणार नाही. ॲम्बियंट वर ढकलण्यापेक्षा भोवतालचे खाली आणणे हा येथे खरा मार्ग आहे.

तपासणी : मधला भाग चोंदल्यासारखा वाटत असेल तर पॅडचा मिड किंचित कमी करा. वर आणखी रिव्हर्ब लावण्याचा मोह टाळा. पॅडमध्ये तो आधीच भरपूर असतो.

## पायरी ७ : ठेका काढणे

ब्रेकडाउनला चालू ट्रॅकची किक आपोआप थांबते, आणि त्याच क्षणी चालू ट्रॅकचा लो खाली व ॲम्बियंटचा लो वर, अशी अदलाबदल करा. ही अदलाबदल सुमारे आठ बार घेऊन करावी, कारण ड्रोनचा खर्ज झटक्यात आला तर दार उघडल्यासारखा ऐकू येतो. त्यानंतर हाऊस ट्रॅकचा फेडर वाक्याच्या शेवटी, म्हणजे सोळाव्या बारच्या अखेरीस, बंद करा. शेवटच्या कॉर्डवर थोडा एको चालतो, पण इफेक्टचा बीपीएम आधीच हाताने १२० वर ठेवा. मिक्सर तो स्वयंचलित मोजत असेल तर ठेका नाहीसा होताच त्याचा अंदाज भरकटतो आणि एको वेडावाकडा पडतो.

उघड्यावरच्या कार्यक्रमात शांत भागाची लांबी कमी ठेवावी. गोव्यात समुद्रकाठी वारा, लाटा आणि माणसांची बोलणी मिळून हळू पॅड सहज गिळून टाकतात. शिवाय ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० नंतर बंद जागेबाहेर ध्वनिवर्धक चालत नाही, त्यामुळे ॲम्बियंट ट्रॅक हाच सेटचा शेवट असेल तर उलटा हिशेब करावा : आठ मिनिटांचा ट्रॅक आणि दोन मिनिटांचे मिश्रण धरले तर पायरी ६ ची सुरुवात ९ वाजून ४८ मिनिटांनी व्हायला हवी, म्हणजे दोन मिनिटे हाताशी उरतात.

## पायरी ८ : ठेका परत आणणे

मिनिटभर ठेका नसला की श्रोत्यांच्या अंगातला आधीचा वेग पुसला जातो. षड्ज मात्र कानात टिकून राहतो. म्हणून परतीचा ट्रॅक १२० वरच असण्याची गरज नाही, तो १०० चा असेल किंवा १२८ चा, पण तो ॲम्बियंटच्या सुराशी जुळलाच पाहिजे. आपल्या ई ड्रोननंतर ९ए, ९बी, १०ए किंवा पुन्हा ८ए चालेल. वेग बदलण्यासाठी सेटमध्ये याहून सोपी जागा मिळत नाही, आणि ती वाया घालवू नये.

परतीच्या ट्रॅकचा सुरुवातीचा भाग फक्त तालवाद्यांचा असेल तर उत्तम. तिसऱ्या क्यूशी पोहोचलात की हेडफोनमध्ये पॅडचा पुढचा ओसर ऐका आणि तो तळाला पोहोचेल त्या क्षणी नवा ट्रॅक सोडा, लो खाली ठेवून. पॅड पुन्हा फुलला की लो बदला. नव्या ट्रॅकची बेसलाइन सुरू होण्याआधी ॲम्बियंटचा लो पूर्ण खाली गेलेला असला पाहिजे. उरलेला वरचा भाग आणखी ३२ बार तसाच वाजत राहिला तरी चालतो.

सावधान : पॅड संपत आला आणि परतीचा ट्रॅक तयार नसेल तर दुसऱ्या क्यूवर उडी मारू नका, ती उडी ऐकू येते. त्याऐवजी फेडर थोडा खाली घ्या आणि स्वच्छ षड्जावर लांब लूप धरा, किमान आठ-दहा सेकंदांचा. लहान लूपमधला जोड प्रत्येक फेरीला टिचकीसारखा वाजतो. क्वांटाइझ बंद असल्यामुळे लूपचे टोक कानाने निवडावे लागते. ते स्वर फुलताना न निवडता स्थिर असताना निवडा, आणि नवा ट्रॅक ऐकू येऊ लागला की लूप सोडून द्या.